दोन ते तीनचा रकाना

माउलींच्या पादुकांना नीरेत स्नान घडतं, पालखी नदी ओलांडून पाडेगावला सातारा जिल्ह्यात येते आणि लोणंदला मुक्कामाला उतरते. त्या दिवशी गावात यजमान कोण आणि पाहुणा कोण हे सांगता येत नाही. आमच्या गल्लीत ओट्यावर, जिन्याखाली, कांद्याच्या रिकाम्या बारदानावर, मिळेल तिथं माणूस टेकलेला असतो. मी मूळची श्रीरामपूरकडची, हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेत लहानाची मोठी झालेली कॅथलिक. शिक्षिकेच्या नोकरीनं लोणंदला आले आणि इथलीच झाले. पहिल्या वर्षी रस्त्यात ‘माउली, माउली’ अशी हाक ऐकली तेव्हा आमच्या मारियामातेलाच कुणी हाक मारतंय असं वाटून मी मागं वळून पाहिलं होतं.

यंदा पालखीच्या दिवशी भाची आली. माझ्या धाकट्या भावाची मुलगी, पुण्यात नर्स आहे. सलग सहा रात्रपाळ्या करून दुपारच्या गाडीनं उतरली. झोप म्हटलं तर ऐकेना. हातपाय धुऊन भाकरी थापायला बसली. अंगणात शेजारच्या अण्णांच्या दिंडीतली पंचवीस माणसं जेवायची होती. पहिली भाकरी तव्यावर टाकताना तिचं लक्ष फ्रिजला चिकटवलेल्या कागदाकडं गेलं.

“हा कसला तक्ता, आत्या?”

“पुढच्या महिन्यात चर्चमध्ये चाळीस तासांची आराधना आहे. कुणी कोणत्या तासाला बसायचं ते लिहिलंय.”

“आणि हे रिकामे रकाने?”

“रात्री दोन ते तीन आणि तीन ते चार. तेवढेच भरायचे राहिलेत.”

ती काही बोलली नाही. भाकरी उलटली. तिला बोलायचं होतं, हे मला तिच्या पाठीवरूनच कळलं.

ज्यांना आराधना म्हणजे काय ते ठाऊक नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. मिस्सामध्ये, म्हणजे आमच्या उपासनेत, धर्मगुरू गव्हाच्या पिठाची, बिनखमिराची, कागदासारखी पातळ चकती हाती घेऊन येशूच्या शेवटच्या भोजनातले शब्द उच्चारतात. त्यानंतर ती भाकर राहत नाही, ते ख्रिस्ताचं शरीर असतं, अशी आमची श्रद्धा. लोक ते सेवन करतात. उरलेलं एका कुलूपबंद पेटीत ठेवतात आणि पेटीजवळ दिवा तेवत असतो. आराधनेच्या वेळी त्यातली एक भाकर सोनेरी किरणांनी वेढलेल्या उभ्या पात्रात, काचेआड, वेदीवर मांडतात. एरवी हे तासाभराचं असतं. पण सोळाव्या शतकात इटलीतल्या मिलान शहरात ती सलग चाळीस तास चालवायची रीत पडली, कारण येशूचा देह थडग्यात साधारण तेवढा वेळ होता असं मानतात. १५९२ साली पोप आठवे क्लेमेंट यांनी रोममध्ये तिची साखळीच लावून दिली, एका चर्चमध्ये चाळीस तास संपले की दुसऱ्यात सुरू. पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीवर तर १८८५ पासून ही आराधना अखंड चालू आहे, दुसऱ्या महायुद्धातही ती तुटली नाही. आणि जिथं जिथं ती चालते तिथं एक नियम कटाक्षानं पाळतात. साक्रामेंत, म्हणजे ती पवित्र भाकर, वेदीवर मांडलेलं असताना समोर कुणी ना कुणी असलंच पाहिजे. त्याला एकटं सोडायचं नाही.

वसईत हे सोपं असावं, तिथं चर्चच्या घंटेच्या टप्प्यात गावंच्या गावं आहेत. आम्ही पुणे धर्मप्रांताच्या या टोकाला विखुरलेले. कुणी फलटणला, कुणी शिरवळच्या कारखान्यात, कुणी वाईला. मिस्साला यायचं तर आधी एसटीचं वेळापत्रक बघायचं. असा धर्मग्राम, आणि त्यात चाळीस तास.

पाचव्या भाकरीला भाची बोलली.

“तासाला दोन माणसं म्हणजे ऐंशी तास झाले, आत्या. माझ्या वॉर्डात रात्री बेचाळीस पेशंट असतात आणि आम्ही दोघी.”

“हो गं, माहीत आहे.”

“माहीत नाहीये तुला. मागच्या आठवड्यात खिडकीजवळच्या कॉटवर एक म्हातारे होते. सोबत कुणी नाही. मुलगा सकाळी येणार होता. मी औषध द्यायला गेले तर माझं मनगट धरलं, म्हणाले, सिस्टर, जरा बसा. मी म्हटलं, आलेच बाबा. पलीकडं एकाची सलाईन निघाली होती, एकीला धाप लागली होती. परत गेले तेव्हा चाळीस मिनिटं झाली होती. ते गेले होते. तोंड दाराकडं होतं.”

तवा नुसताच तापत होता. मी गॅस बारीक केला.

“देवाला एक मिनिट एकटं सोडायचं नाही म्हणून तुम्ही फ्रिजवर तक्ता लावता,” ती म्हणाली. “त्या बाबांसाठी असा तक्ता कुणी केला होता?”

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. आजही पुरतं नाही. तेव्हा मी फक्त म्हटलं, “एकाचा तक्ता केला म्हणून दुसऱ्याचा राहिला, असं नाही ना.”

“तसंच आहे. माणसाकडं तास मोजकेच असतात. प्रभूनं भाकर हातात दिली ती खायला, वाटून घ्यायला. समोर मांडून बघत बसायला नाही.”

हा आक्षेप नवा नाही. सोळाव्या शतकातल्या प्रोटेस्टंट सुधारकांनी तो घेतला होता आणि त्यात जोर आहे. मी माझ्या परीनं सांगितलं. पंगत उठली म्हणून माणूस हात धुऊन तडक चालू लागत नाही. ज्यानं जेवू घातलं त्याच्याजवळ ओट्यावर घटकाभर बसतोच. आराधना म्हणजे मिस्सानंतरचं ते बसणं आहे.

“घटकाभर,” ती म्हणाली. “चाळीस तास नाही. आणि ती भाकर पेटीत ठेवायला सुरुवात झाली ती कुणासाठी, हे तूच मला शिकवलं होतंस.”

मी शिकवलं होतं. जे मिस्साला येऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी. आजाऱ्यांसाठी, आणि त्यातही मरणाच्या दारी असलेल्यांसाठी, शेवटच्या वाटेची शिदोरी म्हणून. चर्चचे दस्तऐवज आजही ती राखून ठेवण्याचं मूळ आणि पहिलं कारण हेच सांगतात. आराधना त्यातून पुढं वाढली. पोरीनं माझाच धडा माझ्यापुढं ठेवला होता आणि तो बरोबर होता.

तेवढ्यात अण्णा ताट न्यायला आत आले. अण्णा आमचे शेजारी, कांद्याच्या अडतीवर उभा जन्म काढलेले, पंचवीसेक वाऱ्या केलेले. “बाई, तळावर आरतीला येणार न्हवं? पोरीला बी आणा. हितं धुरात बसून काय करती?”

गेलो. पालखी तळावर माणसांचा समुद्र. पावसाची भुरभुर होऊन गेली होती, चिखलाचा आणि बुक्क्याचा वास. दिंड्या गोलाकार उभ्या राहिल्या, हजारो टाळ एका लयीत. मग चोपदारानं चोप वर उचलला आणि काय सांगावं, एवढा जनसागर एका क्षणात गप्प. शेजारच्या बाईच्या कडेवरचं मूल चोखतंय तेवढं ऐकू येत होतं. पण लांब एका कोपऱ्यात एका दिंडीचे टाळ वाजतच राहिले.

“त्यांना दिसलं नाही का?” भाचीनं विचारलं.

“दिसलंय की,” अण्णा कुजबुजले. “त्यांची कायतरी तक्रार आसंल. ज्या दिंडीची तक्रार आसती ती टाळ थांबवत न्हाई. चोपदार जातो, इचारतो, गाऱ्हाणं ऐकून घेतो. मग थांबत्यात. तवर आरती न्हाई.”

खरंच, चोपदार चालत तिकडं गेले. थोड्या वेळानं टाळ थांबले. हरवल्या-सापडल्याची यादी वाचली गेली आणि आरती सुरू झाली. भाची माझ्या कानाशी आली.

“माझे टाळ अजून थांबलेले नाहीत हं, आत्या.”

“वाजू दे,” मी म्हटलं.

रात्री जेवणं उरकल्यावर ओट्यावर बसलो. अंगणात माणसं घोंगड्या पांघरून झोपली होती. अण्णा पान जुळवत बसले होते. भाचीनं विषय पुन्हा काढला, या वेळी थंडपणे, आणि ते जास्त अवघड होतं. रिट्रीटमध्ये तिनं संत जॉन क्रिसोस्तोम यांच्याबद्दल ऐकलं होतं. चौथ्या शतकातले ते धर्माचार्य लोकांना बजावत की वेदीवर ख्रिस्ताला रेशीम पांघरता आणि दाराबाहेर तोच ख्रिस्त थंडीनं काकडत असतो त्याच्याकडं पाहत नाही, हे चालायचं नाही. मग ती मुंबईवर आली. १९६४ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात ओव्हल मैदानावर आंतरराष्ट्रीय युखरिस्तिक काँग्रेस भरली होती, जगभरातले कॅथलिक साक्रामेंताच्या वंदनेला जमले होते, खुद्द पोप सहावे पॉल आले होते. भारतात पाऊल ठेवणारे ते पहिले पोप. “आणि त्यातून आज लोकांना काय आठवतं? पोपनी जाताना आपली मोटार मदर तेरेसांना दिली आणि मदरनी ती सोडतीवर काढून कुष्ठरोग्यांसाठी पैसा उभा केला. लक्षात मोटार राहिली, आत्या, आराधना नाही.”

“मोटारीची गोष्ट तू अर्धीच सांगतेस,” मी म्हटलं. मदर तेरेसांच्या भगिनी सुरुवातीला रोज आराधना करत नव्हत्या. कामाचा डोंगर होता, वेळ कुठून आणायचा? १९७३ पासून त्यांनी रोज एक तास साक्रामेंतासमोर बसायचं ठरवलं. ज्यांना रस्त्यावरची मरणारी माणसं रोज उचलायची होती त्यांनी तो तास काढला. मला ही गोष्ट साधी वाटत नाही. त्या तासानं त्यांचं काम अडलं असतं तर तो त्यांनी पुढच्या वर्षीच सोडून दिला असता.

“त्या शंभर टक्के वेळ तेच करत होत्या. तू शाळेत शिकवतेस, तुमच्या धर्मग्रामातली माणसं शेतात राबतात. त्यांनी रात्री दोनला एसटी कुठून पकडायची? आणि तुमचाच नियम आहे ना, पुरेशी माणसं येण्याची खात्री नसेल तर मांडूच नये म्हणून?”

आहे. माणसं नसतील तर साक्रामेंत दिवसातून दोनदा पेटीत ठेवायची मुभाही आहे, जसं दुपारी आणि रात्री. रात्री बारा ते पहाटे पाच बंद ठेवा म्हटलं असतं तर कुणीही दोष दिला नसता. फादरांनीही तेच सुचवलं होतं. रात्र भरून काढायचा हट्ट माझा होता. मी ते तिला सांगितलं.

“का पण?”

मी उत्तराची जुळवाजुळव करत होते तेवढ्यात अण्णा मध्ये पडले. त्यांना आमच्या बोलण्यातलं निम्मं कळलं असेल, पण त्यांना हवं ते निम्मं कळलं होतं.

“आमच्याकडं सप्त्यात वीणा आसती न्हवं, बाई,” ते म्हणाले. “सात दिवस. एकदा गळ्यात घातली का खाली ठेवायची न्हाई. दिवस न्हाई, रात न्हाई. पहारे लावत्यात, दोन-दोन तासांचे. माझा पहारा रात्री दोन ते चार. कोण घेत न्हाई तो, म्हणून मी घेतो.”

“आणि त्या वेळी तुम्ही करता काय, अण्णा?” भाचीनं विचारलं. तिच्या आवाजात उलटतपासणी नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

“काय करनार? उभं ऱ्हायचं. नाव घ्यायचं. मंडपात समदी आडवी झाल्याली आसत्यात. ट्यूबलायटीभवती किडं फिरत्यात. खांदा भरून येतो. कवा कवा पुढचा गडी येतच न्हाई, झोपून ऱ्हातो. तवा तीन तास बी व्हत्यात. मग त्यो आला का त्याच्या पाया पडायचं, त्यानं आपल्या पडायचं, अन वीणा त्याच्या गळ्यात घालायची.”

“आणि एखाद्या रात्री खाली ठेवली तर?”

अण्णांनी पानाला चुना लावता लावता बोट थांबवलं. “इठोबाला काय व्हायचंय? त्यो काय वीणेवर जगतो का? पर ठेवली का मग सप्ता न्हाई ऱ्हात, पोरी. मग नुसता मंडप ऱ्हातो.”

मला हवं होतं ते एवढं सरळ मी सांगू शकले नसते. रात्री दोनला देवाला माझी गरज नसते. तो पेटीत असो की वेदीवर, त्याचं काही अडत नाही. पण रात्री दोनला कुणीतरी बसलेलं आहे, त्याच्यानंतर कुणीतरी येणार आहे, ही गोष्ट आमच्यासारख्या विखुरलेल्या, एकमेकांना महिन्या-दोन महिन्यांनी भेटणाऱ्या माणसांचा धर्मग्राम करते. फलटणच्या माणसाचा तास वाईची बाई उचलते. आमच्यात वीणा नाही, ही ओळ आहे. हे मी भाचीला सांगितलं आणि तिनं मान हलवली. तिचा नकार होता, पण तिनं ऐकलं होतं.

“अण्णा उभे राहतात ते ठीक आहे. पण माझ्या वॉर्डातल्या त्या बाबांना दोन माणसं हवी होती, ओळ नको होती.”

मग मी तिला ते सांगितलं जे भावालाही कधी सांगितलेलं नाही.

तिची आजी, माझी आई, गेली तेव्हा शेवटचे नऊ दिवस मी तिच्याजवळ होते. गावातल्या सगळ्यांनी माझं कौतुक केलं, लेक अशी असावी म्हणून. मी काय केलं होतं? उशा बदलल्या. चादरी धुतल्या. पेज केली, ती तिला नको होती. डॉक्टरांना फोन केले. औषधांच्या वेळा वहीत लिहिल्या, लाल आणि निळ्या पेननं. येणाऱ्या-जाणाऱ्यांना चहा केला. आईनं दोनदा मला बस म्हटलं होतं. मी दोन्ही वेळा ‘आले, आले’ म्हणाले. नऊ दिवस मी त्या घरात होते आणि सगळे मिळून पंधरा मिनिटंसुद्धा तिच्याजवळ हात रिकामे ठेवून बसले नाही. मला बसता येत नव्हतं, पोरी. काही करण्यासारखं उरलेलं नसताना नुसतं जवळ असणं मला जमत नव्हतं, म्हणून मी चादरी धूत होते. तुला वॉर्डात बेचाळीस पेशंट होते. मला एक आई होती.

“त्यानंतर वर्षभरानं मी पहिल्यांदा रात्रीच्या आराधनेला बसले. पहिली वीस मिनिटं मी काय केलं असेल? जपमाळ, मग प्रार्थनेचं पुस्तक, मग मेणबत्तीची वात नीट केली, मग फुलदाणी सरळ केली. तिथंही मी चादरीच धूत होते. मग करायला काही उरलं नाही. समोर ती पांढरी चकती, रुपयापेक्षा मोठी, काचेआड. बोलत नाही, हलत नाही, काही मागत नाही. शेवटी पंख्याच्या आवाजात मी तासभर बसून राहिले. तेव्हा मला आईचं ‘बस’ ऐकू आलं. मला रात्र का भरायची आहे, विचारलंस ना? दिवसा तिथं गाणी असतात, माणसं असतात, फादर असतात. नुसतं बसायला शिकवणारा तास रात्री दोनलाच असतो.”

भाची बराच वेळ गप्प होती. अंगणात कुणीतरी झोपेत विठ्ठलाचं नाव घेतलं.

“मला बसता येतं, आत्या,” ती अखेर म्हणाली. “मला बसू देत नाहीत. यात फरक आहे.”

फरक आहे. तो मी पुसू शकत नाही आणि पुसायचा प्रयत्नही करत नाही. रात्रपाळीला दोघींच्या जागी सहाजणी असाव्यात, ही मागणी आराधनेनं भागत नाही. कुणी असं म्हणत असेल की प्रार्थना करा म्हणजे झालं, तर त्याच्या विरुद्ध मी भाचीच्या बाजूनं उभी राहीन. पण ती जेव्हा म्हणते की तो तास वाया गेला, तेव्हा मी तिच्या विरुद्ध उभी आहे, आणि तेही तितक्याच जोरानं.

अण्णा उठले. दुसऱ्या दिवशी त्यांना दिंडीबरोबर चांदोबाच्या लिंबापर्यंत जायचं होतं, उभ्या रिंगणाला. जाता जाता म्हणाले, “पंढरीत आषाढीला देवाचा पलंग काढत्यात, ठावं हाय का? शेजारती बंद, झोप न्हाई. रातंदिस उभा. पाठीला लोड लावत्यात. लोकं उभी ऱ्हात्यात म्हणून त्यो बी उभा ऱ्हातो. मग प्रक्षाळपूजा झाली का मगच निजतो. त्याला शिणवटा जायला काढा देत्यात.” आणि भाचीकडं बघून म्हणाले, “तू बी जरा नीज आता.”

ती निजली नाही. मी पहाटे चहाला उठले तेव्हा तिनं फ्रिजवरचा तक्ता काढून टेबलावर पालथा घातला होता. मागच्या कोऱ्या बाजूला पट्टीनं रेघा ओढल्या होत्या. तीन रकाने. नाव, तास, काम.

“तुमच्या धर्मग्रामात घरी खिळलेले किती आहेत?” माझ्याकडं न बघताच तिनं विचारलं.

मी सांगत गेले, ती लिहीत गेली. वाईच्या एक बाई, पक्षाघात झालेल्या. फलटणचे एक रिटायर्ड रेल्वेवाले, डायलिसिसवर. शिरवळला एक तरुण पोरगा, यंत्रात पाय गेलेला. प्रत्येकासमोर कामाच्या रकान्यात ती भराभर लिहीत होती. ड्रेसिंग, आंघोळ, दवाखान्यात नेणं, व्यायाम. अक्षर तिचं माझ्यापेक्षा चांगलं आहे.

मी तक्त्याची पुढची बाजू आठवून म्हटलं, “दोन ते तीन?”

“नाही, आत्या. मी नाही बसणार.”

“बरं.” मी कागद उलटून दोन ते तीन आणि तीन ते चार या दोन्ही रकान्यांत माझंच नाव लिहिलं. दुसरा माणूस मिळेल, नाही मिळाला तर एकटी. मग कागद पुन्हा तिच्याकडं पालथा केला.

“अजून कुणी?”

“एक आजी आहेत, नीरेच्या पलीकडं. कॅन्सर. डॉक्टरांनी आता घरीच ठेवा म्हणून सांगितलंय. औषध फक्त दुखण्याचं. मुलगी सगळं करते.”

तिनं आजींचं नाव लिहिलं. तास लिहिले, संध्याकाळी पाच ते सहा. मग पेन्सिल कामाच्या रकान्यावर आली आणि थांबली. बाहेर तुतारी झाली, गल्लीतली माणसं पळत रस्त्याकडं निघाली. तिनं पेन्सिल ठेवली आणि चहा घेतला. तो रकाना तिनं तसाच राहू दिला.